जेसन इझबेल आणि द ४०० युनिट : घटस्फोटानंतर ती गाणी कशी ऐकायची?

पडवी

अमेरिकाना म्हणजे नक्की काय यावर इथे वाद घालायला बसलो तर मूळ विषय राहून जाईल, त्यामुळे व्याख्येत शिरत नाही. कंट्री, फोक, ब्लूज, रॉक यांच्या सीमेवरचं, नॅशव्हिलच्या व्यापारी कंट्रीत न बसणारं संगीत, एवढं या धाग्यापुरतं पुरे. बोलायचंय ते एका बँडबद्दल. जेसन इझबेल आणि त्याचा द ४०० युनिट.

निमित्त असं की २०२३ च्या डिसेंबरमध्ये इझबेलने घटस्फोटासाठी अर्ज केला. बायको अमँडा शायर्स, टेक्ससची, स्वतः उत्तम गीतकार आणि गायिका, आणि वर्षानुवर्षं याच बँडमध्ये फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणारी. म्हणजे 'कव्हर मी अप' ज्या बाईसाठी लिहिलं तीच त्याच्या शेजारी उभी राहून ते वाजवायची आणि समोरचं सभागृह डोळे पुसायचं. आता ती शेजारी नसते. गाणं तो अजून गातो.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इझबेल १९७९ चा, उत्तर अलाबामातल्या ग्रीन हिल गावचा. तो झाला तेव्हा आई सतरा वर्षांची होती. ('चिल्ड्रन ऑफ चिल्ड्रन' या गाण्यात त्याने पुढे हेच घेतलं. माझ्या जन्मापायी आईची किती वर्षं गेली, हा त्या गाण्याचा प्रश्न.) आजोबा पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक. घरात सगळे वाजवणारे. सहा वर्षांच्या पोराच्या बोटांना गिटार मोठी पडते म्हणून आधी मँडोलिन हातात दिलं. पुढे मेम्फिस विद्यापीठात शिकला, अलाबामातल्याच मसल शोल्स गावच्या फेम स्टुडिओसाठी गाणी लिहायला लागला आणि २००१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडमध्ये तिसरा गिटारिस्ट म्हणून शिरला. बँडमध्ये आल्यानंतर काही दिवसांतच त्याने 'डेकोरेशन डे' लिहिलं. दोन घराण्यांतलं वैर, बापाने पोरांच्या गळ्यात घातलेलं. बावीस वर्षांच्या पोराने हे लिहावं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मग दारू. २००७ मध्ये ट्रकर्समधून बाहेर पडला. त्याने सोडलं की त्याला काढलं, यावर हवं तर वेगळा धागा काढा. स्वतःचा बँड काढला, दोन-तीन बरे अल्बम केले, पण पिणं चालूच. २०१२ च्या फेब्रुवारीत शायर्स आणि काही मित्रांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं. २०१३ च्या फेब्रुवारीत लग्न, जूनमध्ये 'साउथईस्टर्न' बाजारात. निर्माता डेव्ह कॉब. त्या अल्बमने सगळं बदललं. २०१४ च्या अमेरिकाना पुरस्कारांत वर्षाचा कलाकार, अल्बम आणि गाणं, तिन्ही त्याचे. नंतर ग्रॅमी सहा.

'कव्हर मी अप'मध्ये एक जागा आहे. आपण दारू सोडली, आणि या वेळी कायमची, असं तो सांगतो. कुठलंही लाइव्ह रेकॉर्डिंग काढा, त्या ओळीला सभागृहातून आरोळी उठते. ती दाद चालीला नसते. समोर उभा असलेला माणूस अजून शुद्धीत आहे, याला असते. इतकं खासगी वाक्य हजारो लोकांच्या मालकीचं झालेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आता प्रश्न. लग्न मोडल्यावर हे गाणं खोटं होतं का? माझ्यापुरतं उत्तर: नाही. कारण इझबेलची कबुली प्रेमाची कधी नव्हतीच, भीतीची होती. 'साउथईस्टर्न'वरचंच 'लाइव्ह ओक' ऐका. पूर्वी हिंसक असलेला एक माणूस आता सुधारलाय, आणि त्याला भीती वाटतेय की ही बाई आपल्यातल्या जुन्या राक्षसावरच तर भाळली नाही ना. त्या गाण्याची पहिली ओळ तो वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्याने म्हणतो. दारू सोडताना आपल्यातलं काही चांगलंही वाहून गेलं का, ही नव्याने सुटलेल्या माणसाची शंका त्याने एका खुनशी पात्राच्या तोंडी घातलीय. किंवा 'इफ वी वर व्हँपायर्स' घ्या. लोक लग्नात वाजवतात. पण गाणं म्हणतं काय? आपल्यातलं कुणीतरी आधी मरणार, आणि मरण आहे म्हणूनच हात धरून ठेवण्याला अर्थ आहे. त्यात वचन कुठेच नाही.

जे वचन दिलंच नाही ते मोडलं कसं म्हणायचं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. गाणी आवडत नसतील तर तेही लिहा.

कौलारू

पडवी, छान लिहिलंयस. पण एक गोष्ट तू घाईत सोडून दिलीस. इझबेलची निम्मी 'कबुली' त्याची स्वतःची नाहीच.

'स्पीड ट्रॅप टाउन' घ्या. बाप आयसीयूत पडलाय, पोरगा त्याचा निरोप घेऊन गाव सोडतो. बाप पोलिसात होता, बाहेरख्याली होता. ऐकताना शपथेवर वाटतं की हे याच्याच घरातलं. प्रत्यक्षात इझबेलचा बाप घरं रंगवणारा. 'एलिफंट' घ्या. कर्करोगाने मरत असलेली मैत्रीण आणि तिच्यासोबत बारमध्ये बसलेला माणूस, दोघं पितायत, विनोद करतायत, आणि मधोमध बसलेल्या त्या हत्तीबद्दल, म्हणजे समोर दिसणाऱ्या मरणाबद्दल, कुणी बोलत नाही. त्यात एकही हळवा शब्द नाही. केस गळतात, आवाज जातो, ती जुनी गाणी म्हणायचा प्रयत्न करते, एवढंच. मी हे गाणं गाडी चालवताना लावत नाही.

म्हणून मला वाटतं 'कबुली' हा त्याचा विषय नाही, तंत्र आहे. प्रथमपुरुषी एकवचनी बोलायचं, आणि बारीकसारीक वस्तू इतक्या नेमक्या ठेवायच्या की ऐकणाऱ्याला खोटं वाटायची सोयच राहू नये. 'किंग ऑफ ओक्लाहोमा'मधला पाठदुखीसाठी गोळ्या घ्यायला लागलेला आणि त्या गोळ्यांत घर घालवणारा कामगार तो नाही. पण व्यसनाचं गणित त्याला आतून माहीत आहे, म्हणून त्या माणसाला तो ना लुच्चा करतो ना बिचारा.

तेव्हा 'घटस्फोटाने गाणं खोटं ठरलं का' हा प्रश्नच मला लागू वाटत नाही. 'लाइव्ह ओक'मधल्या खुनाचा तपास आपण करत नाही ना?

तिरफळ

मी विरोधी बाकावर बसतो, कारण कुणीतरी बसायला हवं.

कौलारू म्हणतात तसं सगळंच तंत्र असेल तर मग २०२३ च्या त्या एचबीओच्या माहितीपटाचं काय? 'रनिंग विथ अवर आइज क्लोज्ड'. 'रीयुनियन्स' अल्बमच्या ध्वनिमुद्रणावेळी नवरा-बायकोत काय ताण होता ते कॅमेऱ्यासमोर. हे कुठल्या पात्राचं आयुष्य होतं? एका बाजूला म्हणायचं गाण्यातला 'मी' म्हणजे मी नव्हे, आणि दुसऱ्या बाजूला 'मी'च्या घरात कॅमेरा बोलवायचा. आधी दारू सोडल्याची गाणी विकली, मग संसाराची, आता मोडलेल्या संसाराची. २०२५ चा 'फॉक्सेस इन द स्नो' तोच माल आहे. माल चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण आपण ऐकणारे यात शेजारच्या भिंतीला कान लावून उभे आहोत, हे मान्य करू या की.

पडवी यांचा 'वचन दिलंच नव्हतं' हा मुद्दा तर वकिली वाटला. 'कव्हर मी अप' जिथे जिथे गायलं जातं तिथे लोक वचन म्हणूनच ऐकतात, आणि हे त्यालाही माहीत आहे.

शेवंता_अटलांटा

तिरफळ, भिंतीला कान लावायचाच असेल तर निदान दोन्ही बाजूंनी लावा! इथे एवढं बोलणं झालं पण शायर्सबाई अजून फक्त 'बायको' आणि 'फिडल' म्हणूनच आल्यात.

अमँडा शायर्स पंधराव्या वर्षापासून टेक्सस प्लेबॉइज या जुन्या बँडबरोबर वाजवत होती. २०१९ मध्ये ब्रँडी कार्लाइल, मॅरेन मॉरिस आणि नॅटली हेम्बी यांच्यासोबत 'द हायवुमेन' हा गट तिने उभा केला, कारण कंट्री रेडिओवर बायकांची गाणी लागतच नव्हती. २०२२ च्या तिच्या 'टेक इट लाइक अ मॅन'वर 'फॉल्ट लाइन्स' नावाचं गाणं आहे. लग्नाला गेलेल्या तड्यांबद्दल, सरळ. म्हणजे घटस्फोटाच्या अर्जाआधीच तिने लिहून ठेवलं होतं. ज्यांना 'अचानक काय झालं' वाटलं त्यांनी तिला ऐकलंच नव्हतं. २०२५ मध्ये तिचा 'नोबडीज गर्ल' आला, तोही ऐका. तो आणि 'फॉक्सेस इन द स्नो' एकाच संध्याकाळी लागोपाठ मात्र ऐकू नका, जेवण जात नाही.

आणि कबुलीबद्दल माझं एक म्हणणं आहे. पुरुषाने कबुली दिली की ती धाडस ठरते. तिने तेच केलं की 'आता काय तिची बाजू ऐकायची' असा सूर. इथल्या चर्चेतही धागा त्याच्या नावाने निघालाय, नाही का पडवी? (रागावून नाही म्हणत.)

अवांतर: इझबेलला मी नॅशव्हिलच्या रायमनमध्ये ऐकलंय. १८९२ मध्ये प्रार्थनेसाठी बांधलेली इमारत, अजून चर्चसारखी लाकडी बाकं, १९४३ ते १९७४ ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम तिथूनच प्रसारित व्हायचा. दरवर्षी ऑक्टोबरात तो तिथे लागोपाठ अनेक रात्री गातो. माझ्या शेजारी साठीचा एक दांडगा माणूस बसला होता, ट्रकवाल्यासारखी टोपी घालून. त्या दारूच्या ओळीला तो ओरडला नाही, उभा राहिला. आसपास आणखी बरेच तसे उभे राहिले. त्यांचं काय ते मी विचारलं नाही.

पडवी

शेवंताताई, रागावला असतात तरी चाललं असतं. 'फॉल्ट लाइन्स' आत्ता लावलं. धाग्याचं नाव बदलत नाही, पण प्रतिसादांत तिच्याबद्दल जेवढं येईल तेवढं हवंच आहे.

तिरफळ, वकिली तर वकिली. पण लोक काय म्हणून ऐकतात याची जबाबदारी गाणाऱ्यावर किती टाकायची? बरं, 'फॉक्सेस इन द स्नो'वरच्या 'ग्रॅव्हलवीड'मध्ये तो हाच प्रश्न स्वतः घेतो. जुन्या प्रेमगीतांचा अर्थ आज वेगळा झालाय याबद्दल माफी मागतो. म्हणजे तुमचा आक्षेप त्याने गाण्यातच नोंदवून ठेवलाय.

तिरफळ

नोंदवला आणि त्याचंही गाणं केलं. माझा मुद्दा तोच तर होता.

हंट्सव्हिलकर

बरीच वर्षं अलाबामात काढली, त्यामुळे हात शिवशिवले. आमच्या हंट्सव्हिलला नासाचं मार्शल केंद्र आहे, त्याच्या आसपासच्या कंपन्यांमुळे इथे मराठी घरं बऱ्यापैकी. गणपतीत भेट होते. पण त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की गाडीने पश्चिमेला सव्वा तास गेलं की काय आहे.

फ्लोरेन्स, शेफिल्ड, टस्कम्बिया आणि मसल शोल्स. टेनेसी नदीच्या दोन्ही काठांवरची चार लहान गावं. टस्कम्बिया हेलन केलरचं जन्मगाव. फ्लोरेन्समध्ये १८७३ साली डब्ल्यू. सी. हॅंडी जन्मला, ज्याला ब्लूजचा जनक म्हणतात, आणि १९२३ साली सॅम फिलिप्स, ज्याने पुढे मेम्फिसला सन रेकॉर्ड्स काढून एल्विसला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. मग रिक हॉलचा फेम स्टुडिओ. १९६७ च्या जानेवारीत गायिका अरीथा फ्रँकलिन तिथे आली आणि 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन'ने तिचं नशीब पालटलं. साथीला वाजवणारी पोरं सगळी गोरी, स्थानिक. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात उभा राहून काळ्या विद्यार्थ्यांना अडवतो, त्याच अलाबामात, त्याच दशकात. १९६९ मध्ये त्यांतल्या चौघांनी शेफिल्डला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तिथे येऊन 'वाइल्ड हॉर्सेस' आणि 'ब्राउन शुगर' मुद्रित करून गेले.

त्या चौघांतला बेसवाला डेव्हिड हूड. त्याचा मुलगा पॅटरसन हूड म्हणजे ड्राइव्ह-बाय ट्रकर्सचा एक संस्थापक. आणि इझबेल पोरसवदा असताना फ्लोरेन्सच्या हॉटेलांत ही म्हातारी मंडळी आठवड्याच्या आठवड्याला वाजवायची, तिथेच तो त्यांच्यात घुसला. त्याच्या वाजवण्यातलं ते सैल, किंचित मागे रेंगाळणारं सोल संगीताचं अंग कुठून आलं ते कळायला याहून जास्त काही लागत नाही.

'४०० युनिट' हे नाव पण तिथलंच. फ्लोरेन्सच्या इस्पितळातला मनोरुग्णांचा विभाग. तिथल्या रुग्णांना अधूनमधून जेवायला गावात सोडायचे. थोडे पैसे हातात, छातीवर नावाची चिठ्ठी, कुठे जावं ते कळत नाही. दौऱ्यावर गाडीतून उतरलेला बँड असाच दिसतो, असं म्हणून ते नाव ठेवलं. बाहेरच्यांना नाव रॉकछाप वाटतं, गावातले ऐकून हसतात.

२०११ चा त्याचा अल्बम 'हिअर वी रेस्ट'. हे अलाबामाचं जुनं राज्यवाक्य होतं. १९३९ मध्ये ते बदलून हक्क राखण्याची लढाऊ भाषा आणली. आता हा माणूस कुठल्या अलाबामाचा आहे ते त्या निवडीतच दिसतं.

निमूट

नेहमी वाचनमात्र असतो, पण हंट्सव्हिलकरांचा प्रतिसाद वाचून विचारावंसं वाटलं. दक्षिणेचा अभिमान म्हटला की मला गुलामगिरी राखायला लढलेल्या दक्षिणेचा तो कॉन्फेडरेट झेंडा आठवतो. हा अभिमान आणि तो अभिमान वेगळे कसे करायचे? बाहेरून सगळं एकच दिसतं.

हंट्सव्हिलकर

निमूटराव, प्रश्न बरोबर आहे आणि इथल्या लोकांनाही तो पडतो. ट्रकर्सचा २००१ चा दुहेरी अल्बम 'सदर्न रॉक ऑपेरा' याच प्रश्नावर आहे. लिनर्ड स्किनर्ड या दक्षिणी रॉक बँडची दंतकथा, त्यांचा १९७७ चा विमान अपघात, आणि मधोमध वॉलेस. आपल्या मातीचा अभिमान आणि तिची लाज एकाच छातीत कशी बाळगायची, हा त्या बँडचा जन्मभराचा विषय. इझबेलची शाळा ती.

त्याने पुढे काय केलं ते शेवंताताई सांगतील, त्यांच्या गावचा विषय आहे.

शेवंता_अटलांटा

सांगते. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत आमचं जॉर्जिया बारा हजारांच्या आत मतांनी बायडनकडे फिरलं. मतमोजणी चालू असताना इझबेलने जाहीर केलं होतं की बायडन जिंकला तर जॉर्जियाच्या कलाकारांच्या गाण्यांचा अल्बम करीन. केला. 'जॉर्जिया ब्लू', २०२१. आर.ई.एम., ओटिस रेडिंग, जेम्स ब्राउन. पैसे मतदार हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांना, त्यात ब्लॅक व्होटर्स मॅटरही.

त्याच वर्षी रायमनमध्ये त्याने आपल्या आधी गाण्यासाठी कृष्णवर्णीय गायिकांना बोलावलं. ब्रिट्नी स्पेन्सर, मिकी गायटन, अ‍ॅलिसन रसेल, एमिथिस्ट काया... ज्या शहरात यांना कंट्री म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं तिथे, कंट्रीचं देऊळ मानलं जातं त्या रंगमंचावर.

आणि मॉर्गन वॉलनचं प्रकरण तर कादंबरीत खपलं नसतं. वॉलन हा कंट्रीतला प्रचंड खपणारा गायक. त्याने 'कव्हर मी अप' गायलं, आणि ते जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या 'डेंजरस'वर आहे. फेब्रुवारीत त्याचा वांशिक शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला. अल्बमचा खप आणखी वाढला! गीतकार म्हणून त्या खपाचा वाटा इझबेलच्या खिशात. त्याने जाहीर करून ते पैसे एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या नॅशव्हिल शाखेला दिले.

तेव्हा पडवी, त्या गाण्याच्या कहाणीत घटस्फोटाच्या आधी हेही घडून गेलंय. आणि ज्या लाखो लोकांनी ते वॉलनच्या तोंडून ऐकलं त्यांना दारूही माहीत नाही, शायर्सही माहीत नाही.

कौलारू

शेवंताताईंचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. लिहिणाऱ्याचं आयुष्य ठाऊक नसतानाही गाणं चालतंय. म्हणजे ते स्वतःच्या पायावर उभं आहे. तिरफळ, उत्तर द्या!

निमूट, त्याचं 'व्हाइट मॅन्स वर्ल्ड' ऐका. मी गोरा, पुरुष, दक्षिणेचा. माझ्यासमोर लोक हलकट विनोद करायचे तेव्हा मी गप्प बसायचो, अशी कबुली त्यात आहे. दारूच्या कबुलीपेक्षा मला ही अवघड वाटते. दारू सोडलेल्याला लोक टाळ्या देतात. या गाण्याने त्याने काही चाहते गमावले.

तिरफळ

उत्तर: वॉलनचे श्रोते दारू पिताना ते गाणं म्हणतात. यात गाण्याचा विजय आहे की पराभव ते तुम्ही ठरवा.

पण 'व्हाइट मॅन्स वर्ल्ड' मान्य. त्यात विकण्यासारखं काही नव्हतं.

मंद्रसप्तक

सगळे शब्दांवरच बोलतायत. वाजतं कसं यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

इझबेल मुळात जबरदस्त गिटारिस्ट आहे, स्लाइडवर (तारांवर नळी सरकवून वाजवण्यात) तर विशेष हात. स्किनर्डच्या एड किंगची 'रेडआय' नावाची १९५९ ची लेस पॉल इलेक्ट्रिक गिटार आज त्याच्याकडे आहे. असा हात असलेला माणूस आपल्या सगळ्यांत गाजलेल्या अल्बमवर इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ बाजूला ठेवतो, ही 'साउथईस्टर्न'ची खरी गोष्ट. 'कव्हर मी अप' सुरुवातीला जवळपास एकट्या गिटारवर चालतं. पहिली दोन कडवी आवाज दबलेला, ध्रुवपदाला एकदम वरच्या पट्टीत फेकलेला, तिथे तो थोडा फाटतो. फाटू दिलाय. डेव्ह कॉबची कमाल अशी की तो आवाज पुसत नाही.

'व्हँपायर्स'मध्ये बोटांनी छेडलेली गिटार आणि शायर्सचा दुसरा आवाज, एवढंच लक्षात राहतं. ध्रुवपदात तिचा स्वर त्याच्या वर अगदी लगटून चालतो. आता ती नसताना ते गाणं ऐकलं की जागा रिकामी ऐकू येते. पडवीचा प्रश्न शब्दांतून सुटत असेल, पण कानाला ती उणीव कळते आणि कानाशी युक्तिवाद चालत नाही.

बँडबद्दल: सॅडलर व्हेडनची गिटार, डेरी डीबोर्हाचे कीबोर्ड, चॅड गॅम्बलचे ड्रम्स, आणि बरीच वर्षं जिम्बो हार्टचा बेस. ही मंडळी गाण्याच्या मध्ये येत नाहीत. पण २०२३ च्या 'वेदरव्हेन्स'वर, ज्याची निर्मिती इझबेलने स्वतः केली, ती मोकळी सुटलीयत. 'व्हेन वी वेअर क्लोज' मोठ्या आवाजात लावा. जस्टिन टाउन्स अर्लवरचं गाणं ते. दोघे मित्र होते, मग राहिले नाहीत, आणि २०२० मध्ये अर्ल अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. शोकगीत म्हटल्यावर आपण संथ काहीतरी अपेक्षितो. हे तर चिडलेलं रॉक आहे.

आणि 'फॉक्सेस इन द स्नो' पूर्ण उलट. न्यूयॉर्कचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ, पाच दिवस, एक माणूस, १९४० ची एकच मार्टिन गिटार. महॉगनीची छोटीशी गिटार, आवाज कोरडा, चटकन विरणारा. बँड नाही, फिडल नाही. तिरफळ त्याला माल म्हणतात. मला तर तो सगळ्यांत कमी सजवलेला अल्बम वाटतो, इतका की मधली काही गाणी कच्ची राहिलीयत. 'साउथईस्टर्न'च्या शेजारी तो ठेवता येणार नाही.

बोरूबहाद्दर

मंद्रसप्तक, दंडवत. 'साउथईस्टर्न'ला बारा वर्षांनी उत्तर दिल्यासारखा आहे तो अल्बम, तेव्हा शेजारीच ठेवायला हवा असं माझं मत. एकात माणूस घरात येतो, दुसऱ्यात बाहेर पडतो.

पडवी, एक विचारायचं होतं. 'अ स्टार इज बॉर्न' या २०१८ च्या सिनेमातलं 'मेबी इट्स टाइम' इझबेलचंच ना? ब्रॅडली कूपर गातो ते. आणि स्कॉर्सेसीच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'मध्ये बिल स्मिथचं काम करणारा तोच?

पडवी

दोन्ही तोच. 'मेबी इट्स टाइम' गंमतीदार प्रकरण आहे. एका दारुड्या कंट्री गायकाच्या पात्रासाठी गाणं हवं होतं, आणि ते दारू सोडलेल्या माणसाकडून लिहून घेतलं. पात्राला शेवट चांगला मिळत नाही.

मंद्रसप्तक, रिकामी जागा ऐकू येते हे खरंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. फक्त एवढंच म्हणेन की 'इट गेट्स ईझियर' या 'रीयुनियन्स'वरच्या गाण्यात तो दारू सुटल्यानंतर कित्येक वर्षांनीही स्वप्नात पितो आणि दचकून उठतो. सोपं होत जातं पण सोपं कधीच नसतं, असा त्याचा सूर. असं लिहिणारा माणूस लग्नाबद्दल वेगळं काही सांगत असेल असं मला आधीही वाटलं नव्हतं.

निमूट

इतकं वाचून सुरुवात करावीशी वाटते. कुठून करू? कामावर जाता-येता तासभर मिळतो.

कौलारू

सरळ 'साउथईस्टर्न'. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. 'एलिफंट' आलं की गाडी बाजूला घ्या.

हंट्सव्हिलकर

मी उलट सांगेन. ट्रकर्सचा 'डेकोरेशन डे', २००३. त्यात 'आउटफिट' हे गाणं आहे. बाप पोराला उपदेश करतो: फार मोठेपणा करू नकोस, बहिणीच्या वाढदिवसाला घरी फोन करत जा, आपली बोली सोडू नकोस. बाविशी-तेविशीतलं लिखाण आहे. ते आवडलं तर पुढचा माणूस आवडेल. मग 'द डर्टी साउथ', मग २००७ च्या 'सायरन्स ऑफ द डिच'मधलं 'ड्रेस ब्लूज', त्याच्याच गावच्या शाळेतला पोरगा इराकमध्ये मेला त्यावरचं. 'साउथईस्टर्न' त्यानंतर. आधीचा गोंधळ ऐकल्याशिवाय पुढची शांतता समजत नाही.

शेवंता_अटलांटा

आणि 'टेक इट लाइक अ मॅन' यादीत घाला, नाहीतर मी परत येईन.

तिरफळ

निमूट, माझं ऐकाल तर त्याच्याबद्दल काहीही न वाचता ऐका. हा धागा तुम्ही वाचलात तेव्हा ती संधी गेलीच म्हणा.

'किंग ऑफ ओक्लाहोमा' काल दोनदा लावलं. कौलारू, त्या कामगाराबद्दल तुम्ही बरोबर होतात. माहितीपटाबद्दल मी अजून तिथेच आहे.